आत वळलेली पावलं

कालगुर्लीच्या लाल मातीत झेंडू धरत नाही, असं शोभाला तीन माणसांनी सांगितलं होतं. तिघांशीही ती वाद घालत बसली नाही. बी टाकलं, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बादल्या-बादल्यांनी वाहून घातलं, आणि ऑक्टोबर संपता संपता परसात कमरेएवढा केशरी ताटवा उभा करून दाखवला. आता बोला.

त्या रविवारी दुपारी ती टोपली घेऊन फुलं खुडायला बसली होती. काम साधंच. शेजारच्या एल्विराला फुलं हवी होती आणि शोभाकडे ती होती. ऊन असं पडलं होतं की कुंपणापलीकडचा रस्ता पाण्यावर तरंगतोय असं वाटावं. गावाच्या टोकाला खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर, त्यापुढे खाऱ्या पाण्याचं कोरडं तळं, आणि त्यापुढे काही नाही. नुसतं आभाळ. अशा गावात दुपारी जागं असलेलं माणूससुद्धा अर्धं झोपेतच असतं.

शोभा सांगलीची. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत ती इथं ऑस्ट्रेलियात आली ती तीन महिन्यांसाठी. मुलगा गुरुदत्त खाणीत इंजिनिअर, सून लीना हॉस्पिटलात डॉक्टर, आणि नात स्पृहा तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. मोहनराव, म्हणजे तिचे यजमान, मागे राहिले. "तू जाऊन ये. मी घर बघतो," म्हणाले. मग जगाचं आभाळच बंद झालं. तीन महिन्यांचे वीस महिने झाले. पश्चिम ऑस्ट्रेलियानं तर आपल्या सरकारी वेशी अशा लावून घेतल्या होत्या की सिडनीच्या माणसालाही आत यायची चोरी. आत सगळं ठाकठीक. मुलं शाळेत, माणसं पबात. बाहेर आग लागलेली आणि आपण लोणच्यासारखे बरणीत, असं शोभा म्हणायची.

एकवीसच्या मे महिन्यात मोहनराव गेले. सांगलीच्या हॉस्पिटलात, एकटे. पुतण्या शैलेंद्रनं फोनवर सांगितलं तेवढंच तिला कळलं. तोंड दिसलं नाही, पाय शिवता आले नाहीत. दहाव्याला घाटावर बंदी, म्हणून शैलेंद्रनं गच्चीत पिंड ठेवला. सकाळचे अकरा झाले, दोन झाले, कावळा शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. दर्भाचा! ज्या माणसानं हयातभर एस.टी.च्या वर्कशॉपात खोटा नटबोल्ट लावू दिला नाही, त्याच्या पिंडाला खोटा कावळा. तेव्हापासून शोभाच्या मनानं घेतलं होतं की हे कुठंतरी अधांतरी आहेत. ना इकडे ना तिकडे. कुणाला बोलली नाही. मुलगा म्हणणार, आई, तू थकलीयेस. सून म्हणणार, आई, कुणाशी बोलायचंय का तुम्हाला, मी अपॉइंटमेंट घेते.

"किती देऊ?" तिनं कुंपणावरून विचारलं.

"सगळी," एल्विरा म्हणाली.

एल्विराचं इंग्रजी मोडकं, शोभाचं त्याहून मोडकं, त्यामुळे दोघींचं उत्तम जमायचं. एल्विरा मेक्सिकोतल्या एका जुन्या चांदीच्या खाणीच्या गावची. नवऱ्यामागून चाळीस वर्षांपूर्वी इथं आली. नवरा, रोबेर्तो, सहा वर्षांपासून इथल्या दफनभूमीत.

"सगळी? घरात लग्न काढलंयस का काय?"

"लग्नाला कोण विचारतो? पाहुणे येणार आहेत. माझी आई, दोन मावश्या, रोबेर्तो."

"रोबेर्तो गेला ना तुझा?"

"म्हणून तर येणार. जिवंत असता तर पबात गेला असता."

शोभा खुदकन हसली.

एल्विरानं खुर्ची कुंपणाला लावली नि सांगायला बसली. मेलेल्यांना घरी बोलवायचा हा सण फार जुना म्हणे, स्पेनची गलबतं यायच्या आधीचा. तेव्हा मक्याच्या सुगीच्या दिवसांत मेलेल्यांची जत्राच भरायची, दिवसच्या दिवस. मग पाद्री आले आणि म्हणाले, हे बंद. बायका म्हणाल्या, बरं. आणि पाद्र्यांचा स्वतःचा एक संतांचा दिवस होता नोव्हेंबरच्या सुरुवातीला, त्याच्या पदराखाली त्यांनी आपली जत्रा झाकून ठेवली. पहिल्या तारखेला गेलेली लेकरं येतात. त्याच दिवशी दुपारनंतर मोठी माणसं निघतात. दुसऱ्या तारखेचा सूर्य बुडताना सगळ्यांना निरोप. घरात एक मांडणी करायची. फोटो, पाव, मीठ, मेणबत्त्या, त्यांच्या आवडीचं खाणं, ज्याची चव तेवढी ते घेऊन जातात, आणि पाणी. पाणी विसरायचं नाही, लांबून येतात. दारापासून मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट. त्या वासाच्या मागानं येतात.

"झेंडू आमचा आहे," शोभा म्हणाली. "दसऱ्याचा."

"झेंडू आमचा. तुमच्याकडे तो बोटीत बसून गेला."

"काहीतरीच!"

"विचार तुझ्या मुलाला. त्याच्या फोनला विचार."

शोभानं नंतर फोनला विचारलं आणि तिला फोनचा राग आला. पण तेव्हा तिच्या मनात भलतंच चाललं होतं. तिनं फुलावरचा मुंगळा झटकला आणि हळूच विचारलं, "एल्विरा... समुद्र ओलांडून येतात का गं ते?"

एल्विरानं खुर्ची कुंपणाच्या आणखी जवळ ओढली. "माझी आई येते. तिनं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता." मग म्हणाली, "तुझ्या मोहनचा फोटो माझ्याकडे ठेव. जागा आहे."

"वा गं वा. माझा नवरा दुसरीच्या घरी कशाला येईल? मला काय घर नाही?"

"मग तुझ्या घरी मांड. पण एक मेणबत्ती जास्तीची लाव." एल्विरा आत गेली आणि एक पांढरी मेणबत्ती घेऊन आली. "ज्याचं कुणी नाही, त्याच्यासाठी. आमच्याकडे लावतातच. आणि या गावात तर लावावीच. सोन्यासाठी जगभरातून पोरं आली इथं, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी. सोनं होतं, पाणी नव्हतं. पाणी विकत मिळायचं, तेही घाण. विषमज्वरानं माश्यांसारखी मेली. किती जणांच्या थडग्यावर नावसुद्धा नाही. त्यांना कोण बोलावणार? त्यांच्यासाठी उजेड दाखवायचा, घोटभर पाणी ठेवायचं. पण उंबऱ्याशी. आत नाही."

शोभानं मेणबत्ती पदरात घेतली. शेवटचं वाक्य तिनं ऐकलं, पण ऐकणं आणि मनावर घेणं यात अंतर असतं, आणि शोभाला कुणी कसं करायचं ते शिकवलेलं खपत नसे.

सोमवारी घरात कुणी नसताना तिनं मांडणी केली. गुरुदत्तच्या पुस्तकांचं कपाट रिकामं केलं, त्यावर लीनाची ठेवणीतली ओढणी अंथरली. मोहनरावांचा फोटो, त्याला झेंडूची माळ. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, मिठाची वाटी, पाण्याचा पेला. आणि सगळ्यांत पुढे, बशीसकट, चहा. हा माणूस मेलेला असो की जिवंत, चहा म्हटल्यावर येणारच.

गुरुदत्त दुपारी जेवायला आला आणि दारातच थबकला.

"आई, हे काय?"

"तुझे बाबा येणार आहेत."

"आई..."

"आई-आई करू नकोस. तुमच्या त्या हॅलोविनला पोरीला चेटकीण करून दारोदार फिरवलंस ना काल? चॉकलेटं मागत? मग मी माझ्या नवऱ्याला चहाला बोलावलं तर तुझं काय जातं?"

गुरुदत्तनं बूट काढले. फोटोसमोर क्षणभर उभा राहिला, माळ सरळ केली, आणि डबा घेऊन परत खाणीवर गेला. पोटचा पोर, त्यालाही रडायला जागा मिळाली नव्हती.

आता पाकळ्यांची वाट. शोभानं फाटकापासून दारापर्यंत पाकळ्या पसरल्या. वारा आला, घेऊन गेला. परत पसरल्या, परत गेल्या. कालगुर्लीच्या वाऱ्याला मेलेल्यांची कदर नाही. मग तिला तिच्या हाताचं सुचलं. चाळीस वर्षं भाद्रपदात गौरी आणल्या होत्या तिनं. गौर दारातून येते ती पावलांवरून येते, आणि सगळं घर बघते. स्वयंपाकघर, धान्याची खोली, लेकराचा पाळणा. तिनं तांदळाचं पीठ भिजवलं. मूठ वळली, पिठात बुडवली, फरशीवर दाबली, की टाच-चवडा उमटला. वर बोटानं पाच ठिपके. पाऊल झालं. विधवेनं पावलं काढू नयेत म्हणतात. म्हणणाऱ्यांनी येऊन काढावीत कालगुर्लीत.

स्पृहा डे-केअरमधून आली तर आजी जमिनीवर रांगतेय.

"आजी, कॅन आय डू द टोज?"

"कर. पण ओळीत. मोठं बोट आधी."

दोघींनी फाटकापासून पावलं आणली. व्हरांडा, बैठक, मांडणी. तिथं थांबायचं, पण हाताला सवय. गौरीला सगळं घर दाखवायचं असतं. पावलं पुढे स्वयंपाकघरात गेली, मग गुरुदत्तच्या खोलीत, मग स्पृहाच्या खोलीत, तिच्या छोट्या पलंगापर्यंत. "आबांनी तुझी खोली पाहिलीच नाही ना, नुसती फोनवर पाहिली," शोभा म्हणाली. आणि ती जास्तीची मेणबत्ती तिनं मोहनरावांच्या फोटोशेजारीच लावली. एकाच घरी दोन चुली कशाला?

तेवढ्यात एल्विरा पाव घेऊन आली, तिच्या सणाचा गोल पाव, वर हाडांसारख्या कणकेच्या कांड्या. ती उंबऱ्यात थांबली. पावलं बघत राहिली.

"सगळी आत येतात," ती म्हणाली.

"मग? बोलावलंय तर आतच येणार."

"जाणार कसे?"

"गौरीला कुणी जायची पावलं काढत नाही. माहेरवाशीण ती, आपली आपण जाते."

"शोभा, फुलांना बोटं नसतात," एल्विरा सावकाश म्हणाली. "फुलांवरून इकडूनही चालता येतं, तिकडूनही. याला बोटं आहेत." पाव ठेवून ती निघाली. पावलांवर पाय पडू नये म्हणून गवतातून गेली.

पाचला खाणीत सुरुंग उडाला. रोजच उडायचा. खिडक्या थरथरत, कपाटातल्या बश्या किणकिणत, आणि मग गाव असं शांत होई की स्वतःच्या कानात वाळू सरकल्यासारखी वाटे. त्या दिवशी ती शांतता सरली नाही. आभाळ गुलाबी झालं, मग जांभळं. दूर एक कावळा ओरडला. इथले कावळे काव-काव करत नाहीत, लांब हेल काढून विव्हळतात, घरातलं कुणी दगावल्यासारखे. शोभा मांडणीसमोर पाटावर बसली होती. गुरुदत्त-लीना अजून आले नव्हते, स्पृहा आपल्या खोलीत खेळत होती. तिला डुलकी लागली असेल, नसेल.

वास आला. सुकलेल्या मडक्याचा, तहानलेल्या मातीचा. जुन्या कातड्याचा. व्हरांड्याची फळी वाजली. मग आतली.

"आलात?" शोभा म्हणाली.

मेणबत्त्यांच्या ज्योती एका बाजूला झुकल्या आणि तशाच झुकून राहिल्या. तिनं डोळे उघडले. पाण्याचा पेला रिकामा होता.

तिनं पेला भरला. तोंडानं बोलत राहिली, घरचं, सांगलीचं, स्पृहाचं, नळाला पाणी येतं का, भाडेकरूनं खोली सोडली का. मधेच बघितलं, पेला रिकामा. परत भरला. रिकामा. सात वेळा. फरशीवरच्या पांढऱ्या पावलांवर एकेक करून लाल माती चढत होती, दारापासून, जणू कुणी अगदी नेमानं पाऊल पावलावर ठेवत होतं. शोभाला इतकं सुख मे महिन्यापासून लागलं नव्हतं. त्या सुखात तिनं चहाकडे पाहिलं नाही. चहावर साय धरली होती, सलग, अखंड.

मंगळवारी सकाळी लीनानं आमटीचा घास घेतला. "आई, मीठ राहिलं का?"

"घातलंय."

लीनानं वरून मीठ घेतलं. परत घेतलं. मग चमचा ठेवला. "काहीच चव नाही. साखरेलाही नाही." तिचा चेहरा डॉक्टरचा झाला. चव गेली म्हटल्यावर त्या काळात कुणाच्याही छातीत धस्स व्हायचं. तिनं स्वतःची आणि सगळ्यांची तपासणी करवून घेतली. कुणालाच काही नव्हतं. गुरुदत्त खाणीवर गेला, आणि मग स्पृहाच्या खोलीतून बारीक आवाज आला, "आजी... वॉटर."

पोर तापानं फणफणली होती. पेलाभर पाणी प्यायली, परत मागितलं. लीनानं रक्त काढलं, घसा पाहिला, हॉस्पिटलात फोन लावला. "काही सापडत नाही," ती म्हणाली. "नुसतं पाणी मागतेय. ओठ बघा, किती प्याली तरी कोरडेच. सहापर्यंत ताप उतरला नाही तर मी तिला विमानानं पर्थला हलवणार."

शोभा दारात उभी होती. फरशीवर बैठकीतून आलेली लाल झालेली पावलं पलंगापाशी संपत होती. शेवटचं पाऊल सगळ्यांत लाल. त्याची बोटं पलंगाकडे. त्याच्यापुढे काही नाही.

ती तडक कुंपणापाशी गेली. एल्विराला सगळं सांगितलं. एल्विरानं छातीवर क्रूस काढला.

"काय काय घेतलं त्यानं?"

"पाणी. पाणी, आणि सगळ्या घरातली चव."

"आणि चहा?"

शोभाला चहावरची ती सलग साय आठवली.

"तुला कालच कळलं होतं," एल्विरा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"नव्हतं कळलं! आणि कशावरून ते नाहीत? शेवटी शेवटी माणसाला तहान लागते. शेवटी... त्यांनी पाणी मागितलं असेल. कुणी दिलं की नाही कोण जाणे. मी नव्हते ना तिथं!" शोभा एवढ्यानं ओरडली की तारेवरची पाखरं उडाली.

"आज सूर्य बुडायच्या आत निरोप द्यायचा," एल्विरा म्हणाली. "नंतर माझ्याकडेही उपाय नाही. ज्याला आत आणलंस त्याला वाट दाखव. कोण आहे ते विचारत बसू नकोस."

पण शोभा विचारत बसली. तुम्ही बसला नसता? सहा महिने जीव ज्याच्यासाठी टांगलेला, तो दारातून आत आला असेल, तहानलेला, बिनबोलता, आणि बायको म्हणते नीघ. आणि तो नसेल, तर कुणी परका पोरीच्या उशाशी बसलेला. ती मांडणीसमोर बसली. नवा चहा केला, आलं ठेचून, त्यांना हवा तसा, साखर दीड चमचा.

"अहो," ती म्हणाली. "तुम्ही असाल तर एक घोट घ्या. एकच. मग मी कुणाचं ऐकायची नाही. मग काय व्हायचं ते होऊ दे."

ज्योती झुकलेल्याच. फरशीवर पांढरं ऊन सरकत होतं. चहावर साय धरू लागली. शोभा श्वास धरून बघत राहिली. साय हलली... काठापाशी सुरकुती पडली...

आणि मग खिडक्या थरथरल्या, बश्या किणकिणल्या. पाच वाजले होते. सुरुंग.

सायीवरची ती सुरकुती सुरुंगाच्या आधीची की नंतरची, हे शोभाला मरेपर्यंत सांगता यायचं नव्हतं. पेल्यातलं पाणी मात्र गेलं होतं. आतून स्पृहा म्हणाली, "आजी, वॉटर," आणि आवाज आता पोरीचा राहिला नव्हता, नुसता कोरडा श्वास होता.

शोभा उठली. पीठ भिजवलं. गुडघे टेकले.

पलंगापासून सुरुवात केली. मूठ वळायची, उलटी फिरवायची, चवडा दाराकडे. हात ऐकेना. चाळीस वर्षं ज्या हातानं आत आणलं त्याला बाहेर काढायचं वळण नव्हतं. पहिली दोन पावलं पुसली. तिसरं जमलं. मग एकेक, पलंगापासून खोलीच्या दारापर्यंत, स्वयंपाकघर, बैठक. मागून काहीतरी येत होतं. तिनं वळून पाहिलं नाही. मानेवर कोरडी हवा लागत होती, तव्यावरून येते तशी. प्रत्येक पाऊल ती काढायची आणि क्षणभर थांबायची, म्हाताऱ्या माणसाला जिना उतरवताना थांबतात तशी.

"बाबा रे," ती पुटपुटत होती, "तू कोण, कुणाचा, मला माहीत नाही. तुझ्या आईलाही कळलं नसेल तू कुठं पडलास ते. माझी चूक झाली. पाणी देते. पण लेकरू सोड." आणि व्हरांड्याच्या पायरीशी तिचा आवाज फुटला. "आणि तुम्ही असाल... तर मला माफ करा. पोरीसाठी करतेय. तुम्हीही हेच केलं असतंत."

लीना पोरीला खांद्यावर घेऊन बैठकीच्या खिडकीतून बघत होती, पण तिनं सासूला हाक मारली नाही. विज्ञान शिकलेली बाई, तिलाही कळत होतं की इथं मधे बोलायचं नसतं.

फाटकाबाहेर शोभानं शेवटचं पाऊल काढलं, रस्त्याच्या लाल धुळीत, आणि पुढे तांब्याभर पाणी ठेवलं. त्या दिवशी धनत्रयोदशी होती. दोघींचे सण एकाच दिवशी आले होते. तिनं कणकेचा यमदीप लावला, वात दक्षिणेला. इथून दक्षिणेला काय आहे? समुद्र, आणि बर्फ. ठेवला तरी. सूर्य खाऱ्या तळ्यामागे टेकला, पसरला, विरघळला.

मानेवरची कोरडी हवा गेली. आत कपाटावरच्या ज्योती सरळ झाल्या, हे लीनानं नंतर सांगितलं. त्याच वेळी तिच्या हाताखाली पोरीच्या कपाळाला घाम फुटला.

शोभा फाटकाला टेकून बसली. रडली. मोकळी होऊन नाही, मोकळं व्हायला तिला कळायला हवं होतं की तिनं कुणाला बाहेर काढलं. एल्विरा कुंपणापलीकडे उभी होती. तिनं हात वर केला. अर्धा तास गेला असेल. आभाळ राखेच्या रंगाचं झालं.

मागून अनवाणी पावलं आली. स्पृहा. केस घामानं चिकटलेले, पण डोळे स्वच्छ. मागे लीना.

"आई, ही ऐकतच नाही, आजीकडेच जायचं म्हणते," लीना म्हणाली. हसत होती, रडत होती.

स्पृहा आजीच्या मांडीवर बसली. रस्त्याकडे बघून तिनं हात हलवला, ओळखीच्याला हलवतात तसा.

"कोण गं?" शोभानं विचारलं.

"दॅट मॅन. ही सेड टा, थँक यू, फॉर द वॉटर."

शोभानं तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. "कसा होता तो? आबा होते?"

"नोऽऽ, आजी." पोर हसली, आजीला काही कळत नाही म्हणून. "आबा तर अजून लाइनमध्ये आहेत. तो मॅन म्हणाला. इट्स अ रिअली, रिअली लाँग लाइन."

"लाइन? कुठं आहे लाइन, बाळा?"

स्पृहानं बोट उचललं. आधी लांब, खाऱ्या तळ्याच्या पलीकडे, जिथं आभाळ जमिनीला शिवतं तिथं. मग ते बोट सावकाश मागे येत गेलं, तळ्यावरून, मातीच्या डोंगरांवरून, रस्त्यावरून, येत येत आजीच्या फाटकापर्यंत.

"इथून स्टार्ट होते," ती म्हणाली.

शोभानं पाहिलं. रस्ता रिकामा होता. कुणी नव्हतं. नुसत्या माश्या होत्या. इथल्या माश्या माणसाच्या तोंडाभोवतीच घोंघावतात, डोळ्यांतलं नि ओठांवरचं पाणी प्यायला, आणि सूर्य बुडाला की झाडांवर जाऊन बसतात. सूर्य बुडून अर्धा तास झाला होता. तरी त्या रिकाम्या रस्त्यावर माणसाच्या तोंडाच्या उंचीवर माश्यांचा एक पुंजका घोंघावत होता, फाटकापासून चार हातांवर. त्याच्यामागे दुसरा. त्यामागे तिसरा. मधे दीड-दीड मीटर अंतर, जसं त्या दोन वर्षांत सगळ्या जगाला शिकवलं होतं तसं, अगदी मोजून, पार तळ्यापर्यंत.

आणि शोभाच्या डोळ्यांदेखत ते सगळे पुंजके एकदम, काही आवाज न करता, एक पाऊल पुढे सरकले.